इमारतींचे ऊर्जा व वायुवीजन सिम्युलेशन

एखादी इमारत वर्षभरात किती तापेल, रात्री किती निवेल, तिच्या खोल्यांतून किती वारा खेळेल आणि राहण्याजोगी ठेवायला तिला किती वीज लागेल, याचे बांधकामाआधी किंवा दुरुस्तीआधी संगणकावर केलेले गणित. वर्षाचे तास ८,७६०. त्यांतील प्रत्येक तासाला, बहुधा त्याहूनही कमी अंतराने, प्रत्येक खोलीतील उष्णतेचा जमाखर्च मांडला जातो. भिंतीतून झिरपलेली, काचेतून शिरलेली, माणसांच्या अंगातून, दिव्यांतून आणि यंत्रांतून निघालेली उष्णता जमेला. हवेबरोबर बाहेर पडलेली किंवा एसीने ओढून घेतलेली खर्चाला.

हे गणित हाताने होत नाही, याचे मुख्य कारण भिंत. दुपारचे ऊन जाड विटांच्या भिंतीतून आत पोहोचायला कित्येक तास घेते, त्यामुळे रात्री नऊची खोली दुपारच्या तीनचा ताप सोसत असते. ही दिरंगाई संगणकाला झेपेल अशा सूत्रांत बसवण्याची रीत कॅनडातील स्टीफनसन आणि मिटालस यांनी १९६७मध्ये मांडली. त्याच सुमारास अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये तामामी कुसुदा काम करत होते. अणुहल्ल्याच्या वेळी तळघरातील आश्रयस्थानांत माणसे दाटीने कोंडली गेली तर आतले तापमान कुठवर चढेल, हा त्यांच्यापुढचा आरंभीचा प्रश्न. शीतयुद्धाच्या भीतीतून निघालेले हे गणित पुढे घराघरांच्या कामी आले.

१९७३च्या तेलसंकटाने या विषयाला सरकारी पैसा मिळवून दिला. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेचे ‘ब्लास्ट’ आणि ऊर्जा विभागाच्या मदतीने वाढलेले ‘डीओई-२’ ही दोन सॉफ्टवेअर त्या काळातली. दोन्हींतील गुण घेऊन २००१मध्ये ‘एनर्जीप्लस’ आले आणि आज अनेक देशांत तेच वापरले जाते. स्कॉटलंडमधील स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात जो क्लार्क यांनी ‘ईएसपी-आर’ घडवले.

उष्णतेपेक्षा वाऱ्याचे गणित अवघड. ताशी ११ किलोमीटरचा वारा भिंतीवर जेमतेम ५ पास्कल दाब आणतो, आणि वातावरणाचा दाब लाख पास्कलच्या घरात असतो. इतक्या नाजूक फरकावर खिडकीतून येणारी हवा अवलंबून असते. शेजारची इमारत, अर्धवट लोटलेली झडप, बंद ठेवलेला आतला दरवाजा, यांपैकी काहीही उत्तर पालटू शकते. त्यात आतली गरम हवा वर चढते तिचा स्वतंत्र ओढा. हे सोडवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात खोल्या म्हणजे गाठी आणि खिडक्या-फटी म्हणजे त्यांना जोडणाऱ्या वाटा, असे जाळे मांडतात. अमेरिकेचे ‘कॉन्टॅम’ असेच चालते. दुसऱ्यात खोलीतील हवेचे लाखो बारीक तुकडे करून प्रत्येकाचा वेग काढतात. पहिल्याला वेळ थोडा लागतो, पण पंख्याखाली बसलेल्याला आणि कोपऱ्यात निजलेल्याला तो एकच हवा देतो. दुसरा ती वेगळी दाखवतो. मात्र त्याला भारी संगणक लागतो आणि वर्षभराचे तास त्याने मोजणे परवडत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोची सरकारी कचेरी हे सिम्युलेशनच्या उपयोगाचे ठळक उदाहरण. थॉम मेन यांच्या ‘मॉर्फोसिस’ने रचलेली ही १८ मजली इमारत २००७मध्ये उभी राहिली. तिच्या वरच्या मजल्यांचा बराचसा भाग एसीविना, उघडझाप होणाऱ्या खिडक्यांवर चालतो. आराखड्याच्या टप्प्यावर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील संशोधकांनी एनर्जीप्लसवर वेगवेगळे पर्याय तपासले. हवा वर ओढण्यासाठी बाहेरून धुराडी बांधावीत का, हा एक प्रश्न होता. उत्तर निघाले की तिथल्या हवामानात रात्रीचा वारा उघड्या काँक्रीटला पुरेसा निववतो आणि गरज असते त्या वेळी धुराड्यांची भर नगण्य पडते. सिम्युलेशनची खरी किंमत अशा उत्तरात आहे: न बांधलेल्या गोष्टीचा खर्च वाचला.

भारतात इमारतींच्या ऊर्जेची संहिता २००७मध्ये आली, २०१७मध्ये सुधारली. घरांसाठीची ‘इको-निवास संहिता’ २०१८ची. मुंबईसारख्या उष्ण-दमट पट्ट्यात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्रफळ जमिनीच्या किमान सहाव्या हिश्शाइतके असावे, असे ती सांगते. त्याहून मोलाचे काम अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचे. पाच शहरांतील कचेऱ्यांत लोकांना विचारून त्यांनी जे सूत्र बसवले, त्यानुसार खिडक्यांवर चालणाऱ्या इमारतीत, बाहेरची अलीकडच्या दिवसांची सरासरी ३० अंश असेल, तर आतले २९ अंश लोकांना सुखाचे वाटतात. परदेशी २३-२४ अंश गृहीत धरून केलेले सिम्युलेशन इथे एसीची गरज फुगवून दाखवते.

सिम्युलेशनचे आकडे आणि प्रत्यक्ष वीजबिल यांत तफावत पडतेच. सॉफ्टवेअरमधील चुका शोधण्यासाठी १९९५मध्ये ‘बेसटेस्ट’ नावाची चाचणी-मालिका आली. पण माणसे खिडकी केव्हा उघडतील, हे कोणतेही सूत्र खात्रीने सांगत नाही. उभ्या इमारतीचे प्रतिरूप महिन्यांच्या बिलांशी जुळवले आणि सरासरी चूक ५ टक्क्यांच्या आत आली, तर अमेरिकी मार्गदर्शिकेनुसार ते विश्वासार्ह मानण्याची एक अट पुरी होते. सिम्युलेशनला दिलेली हवामानाची फाइलही बहुधा विमानतळावरच्या नोंदींची असते. दाट वस्तीतील रात्र त्याहून गरम असते.

आणि दाट वस्तीतच हे गणित सर्वांत कमी वापरले जाते. गोवंडी-मानखुर्द भागातील नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ संस्था आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी अभ्यास केला. घरांतील उजेड व हवेचा प्रवाह संगणकावर मांडून त्यांनी तो क्षयरोगाच्या प्रमाणाशी ताडून पाहिला. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींपासून जेमतेम ३ मीटरवर आहेत आणि तिथे क्षयरोगी असलेल्या कुटुंबांचे प्रमाण तिसरीच्या कितीतरी पट निघाले. खालच्या मजल्यांना ऊन आणि वारा सर्वांत कमी मिळतो. अशा वसाहतीचा आराखडा मंजूर होण्याआधी इमारतींमधले अंतर दुप्पट केल्यास तळमजल्याच्या खोलीत तासाला किती वेळा हवा बदलेल, हे काढणे अनुभवी अभियंत्याला अवघड नाही. एनर्जीप्लस आणि कॉन्टॅम ही दोन्ही सॉफ्टवेअर विनाशुल्क मिळतात.