चार रुपये दोन आणे

रमजान जवळ आला की आमच्या मंगरुळपीरच्या घरी अम्मी क्रोशाची सुई काढते. टोपी मधल्या गोलापासून सुरू होते. टाके वाढवत घेर मोठा करायचा, डोक्याच्या मापाला आला की वाढवणं थांबवून सरळ खाली उतरायचं. मध्ये चुकलं तर उसवा!

माझी टोपी पाहून वर्गात एकाने विचारलं, "सर, औरंगजेब खरंच टोप्या शिवायचा?"

जदुनाथ सरकारांनी इंग्रजीत आणलेल्या 'अहकाम-ए-आलमगिरी'त त्याच्या नावाचं एक मृत्युपत्र आहे. टोप्या शिवून मिळालेले चार रुपये दोन आणे कफनाला लावा, कुराणाच्या नकला करून मिळालेले ३०५ रुपये फकिरांना वाटा, असं त्यात आहे. ३ मार्च १७०७ रोजी भिंगारला तो वारला. खुलताबादला शेख जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात त्याची साधी कबर आहे.

आपल्यातले काही जण एवढंच सांगून थांबतात. ते मला पटत नाही. १६७९ चा जिझिया आणि १६८९ मधली संभाजी महाराजांची क्रूर हत्या याच माणसाच्या खात्यावर आहे. सहासष्ट आण्यांनी ते खातं मिटत नाही. आणि त्या खात्याचा जाब आजच्या टोपीवाल्या पोराला विचारणंही तितकंच चूक. मी वर्गात दोन्ही सांगितलं.

घरी अम्मीला मृत्युपत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बादशाहाकडून टोपी घेताना भावाची घासाघीस कोण करत असेल रे?"