पानिपतचं साल अरबीत आणि सनद पेटीत

पानिपतचं साल पेशव्यांचे कारकून कसं लिहीत, ठाऊक आहे? 'इहिदे सितैन मया व अलफ'. एक, साठ, शंभर आणि हजार. म्हणजे ११६१. हा शुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, तारीख वर्षाच्या कुठल्या भागातली त्यावर ते ठरतं, की इसवी सन निघतो १७६०-६१. पुण्यात बसलेला कारकून मोडीत पत्र लिहितोय, तारीख अरबी आकड्यांत टाकतोय, आणि त्यात त्याला काहीच वावगं वाटत नाहीये.

हे आज काढलं कारण पीएचडीच्या प्रवेशाचे दिवस आहेत. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. दरवर्षी दोन-तीन मुलं तरी विचारतात, "सर, इस्लामिक स्टडीज घेतलं तर चालेल का?" घरच्यांना वाटतं, हा आता मौलवी होणार. गैरसमज मोठा आहे, म्हणून आधी तो काढू. इस्लामिक स्टडीज म्हणजे धर्मशिक्षण नाही. अलीगढला आणि जामिया मिलियात याचे स्वतंत्र विभाग आहेत, नेट परीक्षेत 'अरब संस्कृती आणि इस्लामिक स्टडीज' असा विषय आहे. पण मुस्लिम समाजाचा अभ्यास इतिहासातून होतो, समाजशास्त्रातून होतो, मराठीच्या विभागातूनही होतो. शेख महंमद श्रीगोंदेकरांचा 'योगसंग्राम' तुम्ही कुठल्या विभागात ठेवाल, सांगा बघू! सूफी परंपरेतला माणूस, ग्रंथ मराठीत, ओवीबद्ध.

आता खरा मुद्दा. आपल्या दख्खनच्या मुस्लिम समाजावरची नावाजलेली पुस्तकं काढा आणि लेखक कोण ते पाहा. विजापूरच्या सूफींवर रिचर्ड ईटन, १९७८. हा माणूस पीस कोअरमधून इराणला गेला होता, फारसी शिकला आणि पुढे विजापूरवर प्रबंध लिहिला. खुलताबादवर कार्ल अर्न्स्ट, १९९२. औरंगाबादच्या सूफींवर नाइल ग्रीन, २००६. शेख महंमदांवर लिहायला दुशान डिआक स्लोव्हाकियातून आले. या सगळ्यांबद्दल मला आदर आहे. परदेशी लोक आपला इतिहास पळवतात वगैरे रडगाणं मला गायचं नाही. त्यांनी भाषा शिकण्यात वर्षं घातली, आपण घातली नाहीत, इतकाच हिशेब आहे.

खुलताबाद अधूनमधून बातम्यांत येतं ते औरंगजेबाच्या कबरीमुळे. ती कबर ज्यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे ते झैनुद्दीन शिराझी, आणि त्यांचे गुरू बुऱ्हानुद्दीन गरीब, मृत्यू १३३७. म्हणजे औरंगजेबाच्या जवळजवळ पावणेचारशे वर्षं आधीचे. त्यांची संभाषणं शिष्यांनी फारसीत टिपून ठेवली. कबरीवर टीव्हीसमोर तासन्‌तास बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यातलं एक पान वाचलंय? दोन्ही बाजूंना विचारतोय.

ईटनच्या पुस्तकातला मला सगळ्यात आवडलेला भाग बादशहांचा नाहीच. तो जात्याचा आहे. विजापूरच्या सूफींनी दखनीत 'चक्कीनामे' रचले, बायकांनी दळताना म्हणायची गाणी. त्यात जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाहचं पहिलं अक्षर. सूत कातताना म्हणायचे चरखानामे वेगळे. ईटन म्हणतो की दर्ग्याची श्रद्धा खेड्यापाड्यांत पोचली ती तलवारीने नाही आणि पोथीनेही नाही, ती दळणा-कांडणाबरोबर, आईकडून लेकराकडे, हळूहळू पोचली. आता आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी खेड्यांतून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाच्या वर आहेत. चक्कीनामा आणि ओवी शेजारी शेजारी ठेवून एखाद्या मुलीने प्रबंध लिहावा, असं मला फार वाटतं. दोन्ही गाणी म्हणणाऱ्या बायका कदाचित एकाच आळीत राहत होत्या.

आणि हे आपल्याला जमत नाही असंही नाही. माधव जूलियन आपल्याला कवी म्हणून माहीत. ते फारसीचे प्राध्यापक होते आणि त्यांचा फार्शी-मराठी कोश १९२५ सालचा आहे. ग. ह. खऱ्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळात बसून फारसी कागद मराठी अर्थासह छापले. सेतुमाधवराव पगडी तर निजामाच्या राज्यातले सरकारी अधिकारी. त्यांनी सूफी संप्रदायावर मराठीत पुस्तक लिहिलं, मोगलांकडची साधनं मराठीत आणली. त्यात भीमसेन सक्सेनाही आहे, कायस्थ माणूस, मोगलांचा नोकर, आठवणी लिहिल्या त्या फारसीत. तेव्हा फारसी म्हणजे मुसलमानांची भाषा, हेही डोक्यातून काढून टाका.

मग आज घोडं अडतं कुठे? एक, पैशात. मौलाना आझाद फेलोशिप अल्पसंख्याक समाजातल्या संशोधकांना २००९ पासून मिळत होती. इतर योजनांशी ती एकसारखी होते असं कारण देऊन केंद्राने ती बंद केल्याचं डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं. या विषयात पहिली दोन वर्षं भाषेतच जातात, तेव्हा पदरात छापलेला पेपर एकही नसतो. त्या काळात घर कशावर चालवायचं? शहरातली खाऊनपिऊन सुखी मुलं काढतील कसेबसे दिवस. बीड-लातूरची मुलगी नाही काढू शकत.

दुसरं, मुलाखतीत. एका विद्यापीठात माझ्या ओळखीतली दोन मुलं एकाच दिवशी गेली होती. मुलीला विचारलं, "तुमच्याच लोकांवर कशाला? तटस्थ राहाल का?" तिच्यानंतर गेलेल्या मुलाचं आडनाव मराठा. त्याला विचारलं, "तुमचा काय संबंध या विषयाशी?" म्हणजे कुणी करायचा मग? मुलगी आता बीएड करतेय. मुलगा चिकटून आहे, फारसीच्या दुसऱ्या वर्षाला.

या मुलाच्या तालुक्यात एका दर्ग्याच्या मुजावरांकडे पेटी आहे. त्यात आदिलशाही काळची इनामाची सनद, वर फारसी मजकूर आणि खाली मोडीत मराठी. दोन्ही वाचता येणारा माणूस त्यांच्या तीन पिढ्यांत दारात आला नव्हता. मोडी जाणणारे येऊन खालचं वाचून गेले, मौलवीसाहेबांनी वरचं थोडंफार लावलं, आणि दोघांचा अर्थ जुळेना. जमिनीचा दावा त्याच कागदावर उभा आहे, आणि समोरचा पक्षही त्याच गावचा. आपल्या पोराने दोन्ही भाग लावले तर वरच्या भागात बिघ्यांचा आकडा आणि खाली चावर, बाकी मजकूर तोच. मोजमाप वेगळं, म्हणून भांडण.

तर ज्यांना करायचंय त्यांना सांगतो. मोडी आधी उरका, नेटाने बसलात तर काही आठवड्यांत अक्षर लागतं. उर्दू येत असेल तर फारसीचा अर्धा घाट चढलात. अरबी गरजेपुरती नंतर. विषय लहान घ्या, एक दर्गा, एक घराणं, एक परगणा. 'इस्लाम आणि आधुनिकता' असले विषय घेऊन येऊ नका, मी परत पाठवतो.

आणि ज्यांच्या घरात असे कागद आहेत त्यांना हात जोडून विनंती. लॅमिनेशन करू नका. चिकटपट्टी लावू नका. उन्हात नाही, सावलीत ठेवून मोबाईलवर फोटो काढा, शिक्क्याचा जवळून वेगळा काढा, आणि मागच्या बाजूचाही काढा. पाठीवर कचेरीतल्या नोंदी असतात, बरेचदा तारीख तिथेच सापडते.