शरीरमापनाद्वारे उच्च रक्तदाबाची पूर्वतपासणी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
उच्च रक्तदाब हा बहुधा लक्षणांवाचून वाढणारा विकार आहे. त्यामुळे मध्यमवयीन व्यक्तींपैकी कोणाची तपासणी प्राधान्याने करावी, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. या निवडीसाठी वजन, उंची व कमरेचा घेर यांचा आधार कसा घेतला जाऊ लागला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

निर्देशांकाचा उगम :
प्रौढांचे वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, असे बेल्जियन गणितज्ञ केटले यांनी १८३० च्या दशकात दाखविले. त्यांना रोगनिदान करावयाचे नव्हते; ते 'सरासरी मानवा'चा शोध घेत होते. पुढे इटलीतील रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडावर पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन तयार केले आणि १९०५ मध्ये रशियातील कोरोत्कोव्ह यांनी त्यास ध्वनिश्रवणाची जोड दिली. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे १९४८ मध्ये ३० ते ६२ वयोगटातील स्त्री-पुरुषांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. वजनाबरोबर उच्च रक्तदाबाची शक्यता वाढते, हे त्यातून स्पष्ट झाले. केटले यांच्या गुणोत्तरास 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव अन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये दिले.

निर्देशांकाची मर्यादा :
मेद किती आहे यापेक्षा तो शरीरात कोठे साठला आहे हे अधिक महत्त्वाचे, असा विचार फ्रेंच वैद्य झाँ व्हाग यांनी १९४७ मध्येच मांडला होता. २००४ मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, मात्र मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. सडपातळ दिसणारा भारतीय देह केवळ वजनकाट्यावर पारखता येत नाही, हे यावरून ध्यानात येते. २००९ च्या भारतीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूत्रांत कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ठरविण्यात आली.

समारोप :
आशा कार्यकर्तींच्या जोखीम-तपासणी प्रपत्रातही कमरेच्या घेरास गुण दिले जातात. अधिक गुण मिळालेल्यांना तपासणीत प्राधान्य असते. तथापि तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब मोजणे अपेक्षित आहे. मोजपट्टी तपासणीचा क्रम ठरवू शकते, कोणास तपासणीतून वगळू शकत नाही. समूहासाठी घडविलेले माप व्यक्तीला लावताना हा विवेक सुटला, तर कृश देहातील उच्च रक्तदाब अज्ञातच राहील.