उशीर आईचा की वाटेचा?

वणीहून पश्चिमेस, सुरगाण्याच्या दिशेने निघाले की द्राक्षबागा मागे पडतात आणि डोंगरातील पाडे सुरू होतात. अशा पाड्यावरचे तान्हे मूल दगावले की शहरात एकच निकाल दिला जातो: आईबाप भगताच्या नादी लागले, दवाखान्यात उशिरा आले. या निकालाची कसोटी राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत लागली आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1988 मध्ये तेथील 104 गावे अभ्यासासाठी निवडली. बालमृत्यूंचे एक प्रमुख कारण न्यूमोनिया होते. तो आयांना अपरिचित नव्हता. ‘लहाक’, ‘धापा’ असे शब्द त्यांच्या तोंडी होतेच. नव्हते ते औषध. म्हणून 58 गावांत गावातीलच आरोग्यसेवकांना आणि दायांना ते देण्यास शिकविले. पन्नासपर्यंत मोजणे न येणाऱ्या दायांसाठी पुढे एक साधे यंत्र घडविले गेले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. उपचार मिळालेल्या बालरुग्णांत मृत्यूचे प्रमाण शेकडा 0.8 राहिले, उरलेल्या गावांत ते 13.5 होते. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ने हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. आया त्याच होत्या. औषध मात्र आता अंगणात आले होते! भगताला आपण सहज दोष देतो, परंतु मध्यरात्री हाकेच्या अंतरावर तोच असतो, हे विसरतो.

नवजात बालकांची स्थिती याहून बिकट होती. 1995-96 मध्ये 39 गावांतील 763 अर्भकांची पाहणी झाली. निम्म्याहून अधिक अर्भकांना उपचारांची गरज होती. डॉक्टरांपर्यंत पोहोचली शेकडा 2.6. मग गावातील स्त्रियांनाच घरोघर जाऊन अर्भक तपासणे, प्रसंगी प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकविले गेले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण शेकडा 62 ने घटले. याच अनुभवाच्या आधारे 2011 पासून देशभर ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या नवजात-भेटी सुरू झाल्या.

आज आशाताई मूल पाहून ‘दवाखान्यात न्या’ म्हणते. 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिकाही आहे. बुडालेल्या मजुरीचा आणि घरी मागे राहणाऱ्या लेकरांचा हिशेब मात्र त्या आईलाच करावा लागतो.