आठ सामने, दहा गोल

१९५२चे हेलसिंकी म्हटले की आमच्या सातारा-सांगलीकडे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवतात. कुस्तीतले ते कांस्यपदक आणि स्वागताला निघालेल्या शंभरावर बैलगाड्या, ही आता जवळजवळ लोककथाच झाली आहे. त्याच हेलसिंकीत, त्या पदकाच्या आठवडाभर आधी, भारताचा फुटबॉल संघ युगोस्लाव्हियाकडून १-१० असा हरला होता. ही गोष्ट इकडे कोणी सांगत नाही. सांगावी अशी ती नाहीच. परंतु त्या पराभवातला तो एकुलता एक गोल दुर्लक्षिण्यासारखा नाही.

१९४८ ते १९६० या काळातील चार ऑलिंपिकमध्ये भारत फुटबॉलचे आठ सामने खेळला. त्यांतील गोल ओळीने मांडून पाहावेत : १९४८ला फ्रान्सविरुद्ध एक, १९५२ला एक, १९५६ला मेलबर्न येथे चार, एक आणि शून्य, १९६०ला रोम येथे एक, एक, एक. एकूण दहा. आठांपैकी सहा सामन्यांत भारताने नेमका एकच गोल केला. प्रतिपक्ष बदलला, प्रशिक्षक बदलले, अनवाणी पायांत बूट आले. हा एकाचा आकडा मात्र हलला नाही. (१९४८ला दोन पेनल्टी वाया गेल्या नसत्या तर ओळ निराळी दिसली असती. फ्रान्सने तो सामना २-१ असा जिंकला.)

अपवाद एका दुपारचा. १ डिसेंबर १९५६, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४-२. त्यातील तीन गोल नेव्हिल डिसोझाचे. मूळचा गोव्यातील आसगावचा हा खेळाडू मुंबईच्या मैदानांवर घडला. तो भारतासाठी गोल करीत होता तेव्हा त्याचे जन्मगाव पोर्तुगीज अमलाखाली होते. उपान्त्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल त्याचाच; आघाडी काही मिनिटेच टिकली आणि निकाल १-४ लागला. बल्गेरियाकडून ०-३ हरून भारत चौथा आला. स्पर्धेतील सर्वाधिक, म्हणजे चार, गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिल होता. उरलेला एक गोल कृष्णस्वामी यांचा.

मेलबर्नचे चौथे स्थान हा आपल्या फुटबॉलचा सुवर्णक्षण मानला जातो. मला हे मूल्यमापन अपुरे वाटते. हंगेरीने उठावाच्या त्या वर्षी माघार घेतल्यामुळे पहिली फेरी न खेळताच पार पडली होती, आणि चौथ्या स्थानासाठी एक विजय पुरला. संघाची खरी वाढ पाहायची तर दुसरा रकाना वाचावा, झालेल्या गोलांचा : २, १०, २, ४, ३, २, १, ३. सत्तावीसपैकी चौदा एकट्या युगोस्लाव्हियाचे. परंतु १९५२ला दहा करणाऱ्या त्या देशाला चार वर्षांनी चारच करता आले.

रोमला तर भारताने पुढे कांस्यपदक मिळवणाऱ्या हंगेरीला १-२ असे झुंजवले, प्रदीपकुमार बॅनर्जी यांच्या गोलावर फ्रान्सशी १-१ बरोबरी केली आणि पेरूकडून १-३ हार पत्करली. हंगेरी आणि पेरूविरुद्धचे गोल बलराम यांचे. विजय एकही नाही, म्हणून गटातच शेवट. इतिहासाने तो संघ मेलबर्नच्या खाली ठेवला. त्यानंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकला पोहोचलेला नाही.