विवाहनोंदींची सूची आणि स्त्रीनामाचा प्रश्न
(चांदवड परिसराच्या संदर्भात)

वंशावळीच्या अभ्यासात मूळ नोंदीइतकेच महत्त्व तिच्या सूचीला असते. नोंद उपलब्ध असूनही ती कोणत्या नावाखाली शोधावी हे ठाऊक नसेल, तर अभ्यासकाच्या दृष्टीने ती नसल्यासारखीच होय. इंग्लंड व वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. तिच्या जुन्या सूचींची प्रत संगणकावर उतरविण्याचे कार्य १९९८ पासून ‘फ्रीबीएमडी’ या उपक्रमातील स्वयंसेवक विनामूल्य करीत आले आहेत. या सूचीतील एक उणीव बोधप्रद आहे. १९१२ पूर्वीच्या विवाहसूचीत वर व वधू यांची नावे आपापल्या आडनावाखाली स्वतंत्रपणे येतात. कोणाचा विवाह कोणाशी झाला हे तेथे लिहिलेले नसते. जिल्हा, खंड व पृष्ठ यांचे अंक जुळवूनच संभाव्य जोडी ठरवावी लागते. विवाह म्हणजे दोन कुळांचा सांधा, आणि नेमका तोच सांधा सूचीत निखळलेला असतो.

नाशिक जिल्ह्यातील चांदवडसारख्या गावी हा प्रश्न अधिकच बिकट होतो. येथील बहुसंख्य कुटुंबांच्या जुन्या विवाहांची सलग सरकारी नोंदवही उपलब्ध होणे संभवत नाही. मुंबई राज्याचा विवाहनोंदणी अधिनियम १९५३ चा, महाराष्ट्राचा १९९८ चा, आणि सर्व विवाहांची नोंद अनिवार्य करण्याविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्देश २००६ चा आहे. तत्पूर्वीच्या विवाहांचा मागोवा आडवाटेनेच घ्यावा लागतो. पेशवेकालीन हिशेबांत विवाहावरील ‘लग्नटका’ व विधवेच्या पुनर्विवाहावरील ‘पाटदाम’ या करांच्या रकमा आढळतात. परंतु हिशेबाचा हेतू रक्कम नोंदण्याचा असल्यामुळे तेथे वधूच्या कुळाची माहिती मिळेलच असे नाही. घरोघरी जपलेल्या लग्नपत्रिका, देण्याघेण्याच्या यादी व आहेराच्या वह्या यांत नातेसंबंध अधिक स्पष्ट दिसतात. तथापि ही साधने कुटुंबाच्या ट्रंकेत असतात, दप्तरखान्यात नव्हे.

सर्वांत समृद्ध साधन म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या. नाशिक व त्र्यंबकेश्वर ही क्षेत्रे चांदवडकरांना जवळची. नाशिक तर सुमारे ६५ किलोमीटरांवर. यात्रेकरू क्षेत्री आला की आपल्या कुळाच्या उपाध्यायाच्या वहीत पूर्वजांची व विद्यमान कुटुंबीयांची नावे लिहीत वा लिहवून घेत असे. या वह्या सामान्यतः गाव व आडनाव यांवरून लावलेल्या असतात. श्राद्धविधीचा एक विशेष येथे ध्यानात घेतला पाहिजे. त्यात पित्याकडील तीन पिढ्यांप्रमाणेच माता, पितामही व प्रपितामही यांचा उच्चार होतो. मातामहाच्या तीन पिढ्याही येतात. आणि महालयासारख्या प्रसंगी आत्या, मावशी व बहीण यांचेही स्मरण केले जाते. म्हणजे स्त्रियांच्या द्वारे जोडलेली कुळे धर्मविधीने विस्मरणात जाऊ दिली नाहीत. वहीची सूची मात्र गाव व पुरुषाचे आडनाव यांवरच उभी असल्यामुळे ती नावे वहीत असूनही बाहेरून शोधता येत नाहीत.

या अडचणीचे मूळ मराठी नामपद्धतीत आहे. मराठी नावात स्वतःचे नाव, पिता वा पती यांचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे असतात. विवाहानंतर स्त्रीची शेवटची दोन पदे बदलतात. अनेक कुटुंबांत पहिलेही बदलत असे. आनंदीबाई जोशी व रमाबाई रानडे या दोघींचेही माहेरचे नाव यमुना होते, ही गोष्ट या दृष्टीने उद्बोधक आहे. विवाहापूर्वीच्या व नंतरच्या नावांत एकही पद समान उरत नाही, आणि एकच व्यक्ती सूचीत दोन व्यक्ती होऊन बसते. जुन्या कागदपत्रांची भाषाही हेच दर्शविते. पुरुषाची ओळख ‘बिन’ या शब्दाने पित्याशी जोडलेली असते, तर विवाहितेची ‘कोम’ या शब्दाने पतीशी. ‘कोम’ लिहिले गेले की पित्याचे नाव त्या कागदातून लुप्त होते. शिवाय मोडी लेखनात ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नसल्यामुळे नावाचे एकच रूप निश्चित करणेही कठीण जाते.

चांदवडशी निगडित असलेल्या होळकर घराण्याचेच उदाहरण घ्यावे. तेथील होळकरवाडा व रेणुकादेवीचे मंदिर यांमुळे अहिल्याबाईंचे नाव या गावाशी कायमचे जोडले गेले आहे. त्या माहेरच्या शिंदे. चौंडीच्या माणकोजी शिंद्यांच्या कन्या. केवळ आडनावावर रचलेल्या सूचीत त्या एकतर होळकरांत विलीन होतील, नाहीतर ‘शिंदे’ या शब्दाखाली महादजींच्या घराण्याशेजारी जाऊन बसतील. वस्तुतः या दोन शिंदे घराण्यांत आडनावापलीकडे समानता नाही. ‘चौंडी’ हे ग्रामनाम सोबत असेल तरच भेद स्पष्ट होतो. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई या त्यांचे मामा भोजराज बारगळ यांच्या कन्या. येथे मातृकुळ व पत्नीकुळ एकच आहे. पुरुषरेषा तेवढी आखणाऱ्या वंशवृक्षात हे दुहेरी नाते दाखविण्यास जागाच नसते.

ग्रामनामही निर्धोक नाही. इंग्रजी अमदानीतील कागदांत चांदवडचे रूप ‘चांदोर’ असे येते. गोव्यात सासष्टी तालुक्यातील चांदर हे गावही रोमन लिपीत त्याच अक्षरांनी लिहिले जाते, आणि गोव्यातील चर्चच्या विवाहनोंदी पोर्तुगीज भाषेत आहेत. दूरदेशीच्या स्वयंसेवकाने केवळ अक्षरे पाहून सूची केली, तर सह्याद्रीच्या दोन बाजूंची दोन गावे एका नोंदीत एकवटतील. ‘-कर’ प्रत्ययान्त आडनावाविषयीही अशीच सावधगिरी हवी. ‘चांदवडकर’ हे नाव स्वभावतःच चांदवडबाहेर अर्थपूर्ण ठरते. गावातच राहणाऱ्याला त्या नावाने वेगळे ओळखण्याचे प्रयोजन नसते. म्हणून असे आडनाव बहुधा स्थलांतराची खूण मानावे, निवासाची नव्हे.

हा प्रश्न केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा नाही. १९९४ च्या महाराष्ट्रातील व २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या संपत्तीत मुलीला जन्मसिद्ध हक्क मिळाला. वारसनोंदीच्या वेळी सासरच्या नावाने वावरणारी स्त्री आणि माहेरच्या जुन्या कागदातील मुलगी एकच होय, हे तिला सिद्ध करावे लागते. जातीच्या दाखल्यासाठीही विवाहितेला पित्याकडील पुरावा आणावा लागतो. ज्या चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले, त्या गावाच्या संदर्भात तरी विवाहनोंद ही कुटुंबाची हौस मानून चालणार नाही. दोन नावांमधील तो एकच दुवा असतो.

या विवेचनावरून सूचीकाराच्या कार्याची दिशा स्पष्ट होते. प्रत्येक विवाहाची नोंद वर व वधू या दोघांच्याही नावाखाली असावी. वधूची माहेरची व सासरची दोन्ही नावे परस्परनिर्देशाने जोडावीत. आडनावासोबत ग्रामनाम अवश्य द्यावे, आणि मोडीतील मूळ लेखन जसेच्या तसे ठेवून प्रमाण रूप वेगळ्या रकान्यात लिहावे. मराठी कुलवृत्तांतांच्या संपादकांनी गावोगाव पत्रे पाठवून, स्वखर्चाने व निरपेक्ष वृत्तीने अशी माहिती जमविण्याची परंपरा निर्माण केलेली आहे. परंतु कुलवृत्तांत एका कुळापुरता असतो. गाव हे एकक धरून सर्व जातिजमातींच्या विवाहांची सूची झाली, तर त्या परंपरेचे क्षेत्र विस्तारेल. आहेराच्या वहीत शेजाऱ्याचे नाव ज्या आस्थेने लिहिले जाते, त्याच आस्थेने त्या घरच्या सुनेचे माहेर लिहिले गेले पाहिजे. ते लिहिले जाईल तेव्हाच वंशावळीतील अर्धी माणसे सापडू लागतील.