नैराश्यावरच्या गोळ्या अचानक बंद केल्यावर चक्कर आणि ‘करंट’ का जाणवतो?

बरं वाटू लागलं, स्ट्रिप संपली आणि नवी आणलीच नाही. नैराश्यावरच्या गोळ्या अनेकदा अशाच बंद होतात. मग दोन-चार दिवसांत गरगरतं, झोप उडते, क्षुल्लक गोष्टीवरून रडू येतं. ‘आजार परत आला’ किंवा ‘गोळ्यांची सवय लागली’ असं घरचे म्हणतात. बऱ्याचदा यातलं काहीच खरं नसतं.

असं का होतं?

एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन ही औषधं मेंदूतल्या सेरोटोनिनच्या वापरात बदल घडवतात. काही आठवड्यांत मेंदू या बदलाशी जुळवून घेतो. औषध एकदम थांबलं की पुन्हा जुळवून घ्यायला त्याला वेळ लागतो. त्या काळातला त्रास म्हणजे ही लक्षणं.

शरीरातून लवकर बाहेर पडणाऱ्या पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिनमुळे हा त्रास जास्त होतो. फ्लुऑक्सेटिन शरीरात कित्येक दिवस टिकतं, म्हणून त्याचा त्रास तुलनेने कमी आणि उशिरा जाणवतो.

लक्षणं कोणती?

चक्कर, मळमळ, घाम, डोकेदुखी, फ्लूसारखी कणकण, विचित्र स्वप्नं, चिडचिड, बेचैनी. काहींना डोक्यात क्षणभर करंट लागल्यासारखा झटका बसतो. तो भीतीदायक वाटतो, पण सहसा आपोआप थांबतो.

‘लॅन्सेट सायकियाट्री’मध्ये २०२४ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार औषधामुळेच झाला असं म्हणता येईल असा त्रास साधारण सहा-सात जणांपैकी एकाला होतो. तीव्र त्रास सुमारे ३ टक्के लोकांना होतो. बहुतेकांचा त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतो, काहींचा मात्र महिनोन्‌महिने राहतो.

हे व्यसन आहे का?

नाही. व्यसनात पदार्थाची तीव्र ओढ लागते, मात्रा वाढवत न्यावी लागते. इथे तसं होत नाही.

आजार परतला, हे कसं ओळखायचं?

• गोळी थांबवल्यावर किंवा कमी केल्यावर काही दिवसांतच त्रास सुरू झाला, तर तो बहुधा औषध सुटल्याचा असतो. आजार सहसा आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, हळूहळू परततो.
• चक्कर, करंट, मळमळ ही नैराश्याची नेहमीची लक्षणं नाहीत.
• गोळी पुन्हा सुरू केल्यावर एक-दोन दिवसांत बरं वाटलं, तर कारण बहुधा गोळी सुटणं हेच असतं. नैराश्य इतक्या लवकर कमी होत नाही.

गोळी कशी बंद करायची?

डॉक्टरांच्या सल्ल्याने, टप्प्याटप्प्याने. कमी मात्रेतही ही औषधं मेंदूवर बराच परिणाम करतात. त्यामुळे पहिली अर्धी मात्रा कमी करणं अनेकांना सोपं जातं आणि शेवटची थोडी मात्रा सोडणं अवघड. म्हणूनच शेवटचे टप्पे लहान ठेवले जातात. याला काही आठवडे किंवा महिने लागू शकतात.

‘एक दिवसाआड गोळी’ हा प्रचलित उपाय टाळावा, कारण त्याने शरीरातल्या औषधाचं प्रमाण वर-खाली होत राहतं. दीर्घकाळ काम करणारी गोळी फोडू किंवा कुटू नये.

त्रास सुरू झालाच तर?

• डॉक्टरांना कळवा. ते आधीची मात्रा पुन्हा देऊन वेग कमी करू शकतात.
• रोजची लक्षणं आणि मात्रा वहीत लिहा. पुढचा टप्पा ठरवायला ती नोंद उपयोगी पडते.
• चक्कर येत असेल तोवर गाडी चालवू नका.
• दारू टाळा, संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. झोपेची वेळ ठरलेली ठेवा.
• घरातल्या एकाला तरी कल्पना द्या. चिडचिडीचं कारण माहीत असलं की वाद टळतात.
• परीक्षा, नोकरीबदल किंवा घरात दुःखद घटना अशा काळात गोळी बंद करायला घेऊ नका. गर्भारपणात स्वतःहून थांबवू नका.

जीव नकोसा वाटणं, स्वतःला इजा करण्याचे विचार येणं, असं झालं तर वाट पाहू नका. त्या व्यक्तीला एकटं न सोडता तातडीने रुग्णालय गाठा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.